पाद्रीन देणं लागत नाही, बाप लागतो

आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते आणि जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. शेजारच्या ख्रिस्ती घरात बाप्तिस्म्याच्या दिवशी हा मान पाद्रीन आणि माद्रीन यांचा असतो, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता यांचा. पेडणे-डिचोलीतल्या मराठी घरांना हे शब्द परके नाहीत. शेजार, शाळा, फुटबॉल आणि आता मिश्र लग्नं, यांतून ते घरात येतात. परदेशी राहणाऱ्या आपल्यातल्या काही तरुण जोडप्यांनी तर हिंदू असूनही जिवलग मित्राला ‘गॉडफादर’ म्हणायला सुरुवात केली आहे.

हा मान हसतखेळत घेतला जातो. अडचण येते ती पुढे, घर मोडल्यावर. बाप निघून जातो, पैसे येणं थांबतं, शाळेची फी तटते आणि कोणीतरी म्हणतं, “अरे, तू पाद्रीन ना त्याचा? मग तुझी काहीच जबाबदारी नाही?” आपल्या घरांत हेच वाक्य मामाला ऐकवलं जातं. मामा किंवा पाद्रीन भिडेपोटी खिशात हात घालतो, आणि ज्याच्याकडे सगळ्यांनी बघायला हवं तो माणूस निवांत राहतो. या वेळी त्याबद्दलच बोलू. कायद्याने देणं कोण लागतो, आणि तो देत नसेल तर ते वसूल कसं करायचं?

आधी धर्मपित्याचं. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत त्याच्यासाठी अटी आहेत. तो साधारणपणे १६ वर्षं पूर्ण झालेला, स्वतः कॅथलिक असावा आणि मुलाचा बाप किंवा आई नसावी. एकच असला तरी चालतो. दोघं असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. त्याचं कर्तव्य मुलाला श्रद्धेच्या वाटेवर साथ देण्याचं. पैशाचा उल्लेख तिथे नाही. १९१७ च्या जुन्या संहितेत हे आध्यात्मिक नातं इतकं घट्ट मानलं जाई की धर्मपिता आणि त्याची धर्मकन्या यांच्या लग्नाला आडकाठी होती. १९८३ मध्ये तीही गेली. आपल्या देशाच्या कायद्यात तर या नात्याला काहीच स्थान नाही. पाद्रीनला मुलाचा खर्च द्यावा लागत नाही, तसाच मुलाच्या ताब्यावर त्याचा हक्कही नाही. शाळेच्या अर्जावर पालक म्हणून सही करण्याचा अधिकार बाप्तिस्म्याच्या दाखल्यातून मिळत नाही. इंग्लंडमध्येही कायदा याहून वेगळा नाही.

एक मात्र सांभाळा. शिक्षणकर्जाला जामीन म्हणून सही केलीत तर बँक तुमच्या दारात येईल. ती जामीनदार म्हणून येईल, पाद्रीन किंवा मामा म्हणून नाही, पण येईल. आपल्यामागे आपल्या मुलाचं अमक्याने पाहावं असं आईबापांना खरोखर वाटत असेल, तर ते मृत्युपत्रात पालक म्हणून नाव घालून करायचं असतं. गोव्यात त्यासाठी नोटरीपुढे मृत्युपत्र करण्याची चांगली सोय आहे. नुसत्या शब्दावर ठेवलेला पालक न्यायालयात टिकत नाही.

आता जो देणं लागतो त्याच्याकडे वळू. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने इथले जुने कायदे चालू राहिले, म्हणून त्यातला कुटुंबाविषयीचा भाग आजही आपल्याला लागू आहे. हिंदू विवाह कायदा गोव्यात आलेला नाही, हे बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनांना बऱ्याचदा उशिरा कळतं. या जुन्या नागरी कायद्यात पोटगीचा अर्थ अन्न, वस्त्र, निवारा असा आहे, आणि मागणारा अज्ञान असेल तर त्यात शिक्षणही येतं. हे देणं कोणाचं? आईबाप आणि त्यांच्या वरची पिढी, मुलं-नातवंडं आणि भावंडं यांचं, तेही परस्परांचं. म्हणजे बाप खरोखरच असमर्थ असेल तर आजोबांपर्यंत हात पोचू शकतो. पण बाप आहे, आजोबा आहेत, तोवर मामाकडे बोट दाखवायला कायद्यात जागा नाही. पाद्रीन तर त्या यादीत कुठेच नाही.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी प्रत्येक घटस्फोटाच्या बोलणीत मोठ्याने वाचून दाखवायला हवी. पोटगीचा हक्क सोडून देता येत नाही. “मला काही नको, मुलीचंही काही मागणार नाही, फक्त मोकळं करा,” असं बाई लिहून देते, कारण त्या घडीला तिला सुटका हवी असते. ती आपल्यापुरतं बोलू शकते. मुलीचा हक्क तिच्या सहीने संपत नाही.

नागरी कायदा एका बाजूला. रोजच्या व्यवहारात उपयोगी पडतो तो दुसरा रस्ता, आणि तो देशभर, सगळ्या धर्मांना सारखा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ हे नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. ऐपत असून जो आपल्या अज्ञान मुलाला सांभाळत नाही, त्याला दरमहा रक्कम देण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी करू शकतात. पूर्वी या रकमेला ५०० रुपयांची मर्यादा होती. २००१ मध्ये ती काढून टाकली. अर्जाचा निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते, आणि तो अंतरिम अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ या शब्दात बरंच काही मावतं, हे न्यायालयाच्या व्हरांड्यात बसलेल्यांना ठाऊक आहे. तरी अर्ज वेगळा आणि पहिल्याच दिवशी द्यावा.

अर्ज कुठे द्यायचा? बाप जिथे आहे तिथे, किंवा तो अथवा बायको जिथे राहते तिथे, किंवा दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे. पेडण्यात आणि डिचोलीत न्यायालयं आहेत. पणजीला खेपा घालायचं कारण नाही. सावंतवाडीची मुलगी पेडण्यात दिली आणि ती माहेरी परतली, तर ती सावंतवाडीत अर्ज करू शकते. तेरेखोल ओलांडून दर तारखेला यायची सक्ती तिच्यावर नाही. वकिलाची फी हा अडसर असेल तर तोही नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. सरकारी शिक्षिकाही मागू शकते. तालुका विधी सेवा समितीकडे जावं, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

अर्ज केल्यावर समोरून काय येतं, तेही पाहून ठेवू.

पहिलं उत्तर, “लग्न रजिस्टरच झालं नव्हतं.” गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाच्या दोन सह्या होतात, हे आपल्याला माहीत आहे. देवळात लग्न लागलं, जेवणावळ झाली, पण दुसरी सही राहून गेली, अशी जोडपी सापडतात. बायकोच्या हक्काला त्याने अडचण येऊ शकते. मुलाच्या हक्काला येत नाही. कायद्यातले शब्दच असे आहेत की मूल औरस असो वा अनौरस, त्याला पोटगी आहे. बापाने पितृत्वच नाकारलं तर पुरावा लागेल; तिथे फोटो, दवाखान्याचे कागद, जन्मदाखला, मोबाइलवरचे संदेश हे सगळं जपलेलं कामाला येतं.

दुसरं उत्तर, “ती कमावते.” कमावते म्हणून बाप सुटत नाही. २००० साली पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या प्रकरणात दोघंही नोकरीत होते. सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च दोघांच्या पगाराच्या प्रमाणात, दोनास एक असा वाटून दिला. मोठा वाटा बापाकडे. गोव्यातल्या मराठी मुली आज शिकलेल्या आहेत, नोकरी करतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी “मी कमावते, मग मागू कशी” म्हणून गप्प बसतात. हा स्वाभिमान मला समजतो, पण तो मुलाच्या खर्चाने चालवू नये. पोटगी मुलाची आहे, तिची नाही.

तिसरं उत्तर डिचोलीचं खास. “खाण बंद पडली, ट्रक उभा आहे, कुठून देऊ?” २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या काळात कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांचं काय झालं ते तालुक्याने पाहिलं आहे. हे दुःख खोटं नाही. पण त्यावरचा कायदेशीर मार्ग परस्पर पैसे थांबवण्याचा नाही. परिस्थिती बदलली तर रक्कम कमी करून मागण्याचा अर्ज करता येतो. नव्या संहितेत त्यासाठी कलम १४६ आहे. तो अर्ज न करता जो महिने बुडवतो, त्याची थकबाकी जुन्याच दराने चढत जाते. आणि अंगात ताकद असलेल्या माणसाला “उत्पन्नच नाही” हे उत्तर फारसं वाचवत नाही. अंजू गर्ग प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसलं पाहिजे. महागाई वाढली, मूल बालवाडीतून हायस्कुलात गेलं, तर रक्कम वाढवून मागण्याचा अर्जही याच कलमाखाली होतो. हे आयांच्या लक्षात क्वचित असतं.

चौथं उत्तर सर्वांत मऊ आणि सर्वांत त्रासदायक. “मुलाचं तर मामा बघतोय. त्याला काय कमी आहे?” इथेच पाद्रीन आणि मामा यांचा चांगुलपणा त्यांच्याच भाच्यावर उलटतो. माझं मत स्पष्ट आहे: तिसऱ्याने मायेने केलेली मदत बापाच्या हिशेबात जमा धरायचं कारण नाही. पण मदत तोंडी असली, हिशेब नसला, तर बापाचा वकील तिचा धूर करतो. म्हणून मामाने फी भरली तर शाळेची पावती मुलाच्या नावाने घ्यावी, पैसे रोख न देता बहिणीच्या खात्यावर टाकावेत, आणि उसने दिले असतील तर दोन ओळींत तसं लिहून ठेवावं. यात बहिणीवर अविश्वास नाही. उद्या साक्षीला उभं राहायचं तर हातात कागद असावा.

कमाई लपवणाऱ्यांसाठी २०२० चा एक निकाल महत्त्वाचा आहे. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्जं प्रतिज्ञापत्रावर सांगायची. त्याच निकालात असंही म्हटलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. दुसरी गोष्ट नीट ऐका. अर्जाच्या तारखेपासून; बाप घर सोडून गेला त्या तारखेपासून नव्हे. समजा, दरमहा ८,००० रुपयांचा हुकूम होण्यासारखी परिस्थिती आहे आणि वडीलधाऱ्यांच्या “थांब गो, येईल तो ताळ्यावर” या सल्ल्याने दोन वर्षं गेली. त्या सल्ल्याची किंमत १,९२,००० रुपये. बैठका जरूर घ्या, गाऱ्हाणं जरूर घाला, पण अर्ज दाखल करून मग घ्या. तडजोड झाली तर अर्ज मागे घेता येतो. गेलेली तारीख मात्र परत येत नाही.

आणि हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर? बऱ्याच जणी इथे थकतात, कारण त्यांना वाटतं की निकाल म्हणजे शेवट. वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि तो देय तारखेपासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. ८,००० चेच १४ हप्ते थकले आणि मग अर्ज केला, तर वॉरंटच्या रस्त्याने शेवटचे १२ हप्ते, म्हणजे ९६,००० रुपये मागता येतात. आधीचे दोन त्या रस्त्यातून निसटतात. ते बुडतात असं नाही. २०१३ मध्ये पूनगोडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एक वर्षाची अट वसुलीच्या या पद्धतीपुरती आहे, हक्क संपत नाही. पण मग लांबचा दिवाणी रस्ता धरावा लागतो. त्यापेक्षा दर सहा महिन्यांनी वसुलीचा अर्ज करण्याची सवय बरी.

वॉरंट दंडाच्या वसुलीसारखं बजावलं जातं. जंगम मालमत्ता जप्त होऊ शकते, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. तरीही रक्कम आली नाही तर एक महिन्यापर्यंत, किंवा तोवर पैसे भरले तर ते भरेपर्यंत, कैद. “जेलमध्ये जाऊन येतो, हिशेब मिटला,” असं म्हणणारे बहाद्दर असतात. मिटत नाही. कैद हा दबाव आहे, भरणा नव्हे, हे १९८९ मध्ये कुलदीप कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे. बाहेर आल्यावर बाकी तितकीच असते. पगारदार माणसाचं सोपं आहे. दिवाणी हुकमाच्या वसुलीत साध्या कर्जासाठी पगाराचा थोडाच भाग जप्त होतो. पोटगीसाठी दोनतृतीयांश पगारापर्यंत हात घालता येतो.

गोव्यातल्या बायकोकडे आणखी एक आधार आहे, जो घाट ओलांडला की मिळत नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नोंदलेल्या लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, निम्मी निम्मी. तिच्या सहीशिवाय तो जमीन किंवा घर विकू शकत नाही. मुलांचा वारसाहक्कही कायद्याने राखलेला आहे. बाप मर्जीप्रमाणे वाटू शकतो ती फक्त निम्मी मिळकत. म्हणून बाप पैसे देत नसला तरी मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर त्याच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून ठेवा. सिंधुदुर्गात ज्याला सातबारा म्हणतात तोच. आणि घाईत समोर आलेल्या कोणत्याही ‘ना हरकत’ कागदावर सही करू नका.

परदेशी गेलेला बाप हे खरं अवघड प्रकरण. आखातात, बोटीवर, किंवा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये. इंग्लंडमध्ये मुलांच्या पोटगीसाठी सरकारी यंत्रणा आहे. ती मालकाला सांगून बापाच्या पगारातून थेट कापून घेते. हेवा वाटावा अशी सोय. पण त्यासाठी मूल तिथे राहत असावं लागतं, पेडण्यात राहणाऱ्या मुलाला ती चालत नाही. मुलांच्या पोटगीसाठीच्या २००७ च्या हेग करारातही भारत नाही. म्हणजे आपल्याला इथूनच जोर लावायचा आहे. नोटीस टाळणाऱ्याच्या गैरहजेरीत न्यायालय निकाल देऊ शकतं. तो हुकूम रद्द करून घ्यायला त्याला तीन महिन्यांत योग्य कारण घेऊन यावं लागतं. आणि माणूस परदेशी असला तरी घर, जमीन आणि बँकखातं बहुधा इथेच असतं. गणपतीला किंवा नाताळला तो गावात येतोच. थकबाकीचं वॉरंट तेव्हा तयार असावं.

मूल १८ वर्षांचं झालं की कलम १४४ चा रस्ता साधारणपणे संपतो. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या मुलांना तो पुढेही असतो. कॉलेजच्या खर्चासाठी मग नागरी कायद्याकडे जावं लागतं, आणि तिथे निकाल गरज आणि ऐपत पाहून लागतो. बारावीतल्या मुलांनो, हे तुमच्यासाठी आहे. आईने अर्ज केलेला नसेल तर अठराव्या वाढदिवसाच्या आधी तो व्हावा, एवढं तिच्या मागे लागा.

राहिला पाद्रीन, आणि आपला मामा. पैशापेक्षा त्यांनी तीन-चार कामं केली तर मुलाला जास्त मिळेल. तारखेला आईबरोबर न्यायालयात जाऊन बसणं. बाप कुठे काम करतो, कोणती गाडी फिरवतो, घराचं भाडं कोण घेतो, ही माहिती गोळा करून वकिलाला देणं. वसुलीच्या अर्जाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणं, कारण आईच्या डोक्यात आधीच शंभर गोष्टी असतात. आणि बाप ओळखीचा असेल तर त्याच्या घरी जाऊन, मुलासमोर नव्हे, सरळ विचारणं, “या महिन्याचे टाकलेस का?”

पुढच्या महिन्यात नोटरीपुढे मृत्युपत्र कसं होतं, त्यात अज्ञान मुलाचा पालक कसा नेमतात आणि साक्षीदार कोण चालतात, ते पाहू.